मूर्तिजापूरपुढचं तेरावं वचन

६ ऑक्टोबर, सोमवार. अमरावती

आचलने सांगितलं म्हणून लिहायला घेतलं. एरवी मी डायरी लिहिणाऱ्यांतली नाही. आचल म्हणजे बाबांची स्पीच थेरपी करणारी मुलगी, वय असेल पंचवीस-सव्वीस. म्हणाली, "मॅडम, ते काय बोलले, केव्हा बोलले, सगळं लिहून ठेवा." गेल्या वर्षीचा एक हजेरीपट कोराच राहिला होता, तोच घेतला.

माहिती अशी. बाबा, म्हणजे किसनराव तायडे, वय एक्क्याऐंशी, एसटीचे निवृत्त कंडक्टर, राहणार जठारपेठ, अकोला. १९ सप्टेंबरला अर्धांगवायूचा झटका. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं बऱ्यापैकी, असं डॉक्टर म्हणतात. मी माधवी, त्रेपन्न, एकुलती, राजापेठेत गणिताचे क्लास घेते. दिवसा बाबांजवळ शेजारची बिल्कीस असते, रात्री तिचा नवरा कुर्बान बाहेरच्या खोलीत झोपतो. मी बुधवारी आणि शनिवारी सकाळच्या बसने जाते आणि चारला निघून सातच्या बॅचला परत येते.

गेल्या अकरा वर्षांत आमचं बोलणं म्हणजे फोनवर "बरं आहे?" "बरं आहे." "ठेवते." तसं पाहिलं तर झटक्याने आमच्यात फारसा फरक पडलेला नाही.

मला काय हवं आहे ते एकदाच लिहिते. त्यांनी माझ्याशी एक वाक्य बोलावं. स्वतःचं. शिवी दिली तरी चालेल. आचल म्हणते, जे परत यायचं ते पहिल्या तीन महिन्यांत येतं. म्हणजे डिसेंबरपर्यंत.

८ ऑक्टोबर, बुधवार. अकोल्याहून परतताना, बसमध्ये

आज बोलले!

नीट लिहिते. अकराच्या सुमारास पाठांतर मंडळ आलं. हे बाबांनीच सुरू केलेलं खूळ, चाळीस वर्षांपूर्वी. दर बुधवारी जमायचं आणि बायबल न उघडता त्यातली स्तोत्रं म्हणायची. एकाने एक वचन, दुसऱ्याने पुढचं, अशी साखळी. जो अडखळेल त्याला कोणी सांगायचं नाही. सगळ्यांनी "पहिल्यापासून" म्हणायचं आणि पुन्हा सुरू करायचं. आता तिघंच उरलेत. रुख्मिणीबाई ऐंशीच्या, मिशनच्या शाळेत शिकवायच्या. नत्थुजी एसटीचे ड्रायव्हर होते, बाबांच्याच गाडीवर. कानाने पार गेलेले, त्यामुळे आपली पाळी यायच्या आधीच सुरू होतात. आणि चंदाबाई, ज्या डोळे मिटून बसतात आणि झोपल्यात की प्रार्थनेत आहेत ते कळत नाही.

मला वाटलं, आजाऱ्याला भेटायला आलेत, दोन केळी ठेवून जातील. तर रुख्मिणीबाईंनी खुर्ची पलंगाशी ओढली आणि एकशे तिसऱ्या स्तोत्राचं पहिलं वचन म्हटलं, आपल्या जिवालाच देवाची स्तुती कर म्हणून सांगणारं. दुसरी जागा बाबांची. आणि बाबांनी दुसरं म्हटलं. अख्खं. देवाचे उपकार विसरू नकोस, ते. ज्या माणसाला तीन आठवड्यांत "पाणी" म्हणता आलं नाही, त्याने.

तिसरं सगळ्यांनी मिळून म्हटलं. का, ते मी विचारलं नाही. तिसऱ्या जागेची पाळी आली की तसंच करतात.

बाहेर येऊन आचलला फोन लावला. माझा आवाज जरा चढलाच असेल. तिने शांतपणे समजावलं की पाढे, प्रार्थना, शिव्या मेंदूत वेगळीकडे साठवलेल्या असतात, त्या आपोआप बाहेर पडतात. पेशंटला त्यातून काही म्हणायचं असेलच असं नाही. "आशा ठेवा, पण याला बोलणं समजू नका."

ठीक आहे. समजत नाही.

चारला मी पिशवी उचलली तेव्हा बाबा म्हणाले, "सांज झाली. दिवस कलला." मी म्हटलं, "नाही बाबा, अजून चारच वाजलेत." त्यांनी डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर एकदा आपटलं. नोंद: वेळेचं भान नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

विचार केला. आपोआप येतं तर आपोआप येऊ दे. पण ते यायला कोणीतरी आधीचं वचन म्हणावं लागतं, आणि मंडळ येतं फक्त बुधवारी. मलाच पाठ करायला हवं. धर्माचा यात काही संबंध नाही. चर्चमध्ये मी अकरा वर्षांत पाऊल टाकलेलं नाही आणि टाकायचा विचारही नाही. ज्याला त्रिकोणमितीची सूत्रं पाठ होतात त्याला बावीस वचनं जड जाऊ नयेत. रोज पाच, म्हणजे पाच दिवस.

मोबाईलवर मराठी बायबल उतरवून घेतलं.

बिल्कीसला सांगितलं तर खूश झाली. तिचे वडील हाफिज होते, अख्खं कुराण तोंडपाठ. म्हणाली, "दिमाग से मत करना मॅडम, जुबान से करना. रोज उतनाच, रोज उसी वक्त. हमारे अब्बा कहते थे, जो याद किया वो कब्र तक साथ आता है."

मी म्हटलं, मला फक्त अकोल्यापर्यंत आणायचं आहे.

चारला पुन्हा "सांज झाली. दिवस कलला." तोच सूर, पुन्हा दांडीवर एक फटका. मी घड्याळ दाखवलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आजचा दिवस वाया गेला आणि वर अपमान.

मंडळ यायच्या आधी मी बाबांसमोर बसले आणि पहिलं वचन म्हटलं. स्वच्छ, न अडखळता. बाबांनी दांडीवर हात आपटला. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा आपटला, चेहरा लाल. तिसऱ्या वेळी एवढ्या जोरात की बिल्कीस चहा टाकून धावत आली. मी उठून अंगणात गेले. त्रेपन्न वर्षांच्या बाईला बापाने हाकलावं आणि तेही हात आपटून! रडले नाही. राग आला होता, खरंच फार राग आला होता. आवडत नसेन तर नसू दे, पण मी कोणासाठी करून राहिले हे सगळं?

रुख्मिणीबाई आल्या, त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणून दाखव बरं." मी म्हटलं. त्या हसायलाच लागल्या. "अवं बाई, हे आपलं नाही न. हे नव्या भाषांतराचं. सोपं केलेलं. त्याईच्या कानाले हे लागतच नाही. गाडी अमरावतीची अन् पाटी नागपूरची, तसं झालं हे."

नत्थुजींना काही ऐकू आलं नव्हतं, पण बाबांचा हात त्यांनी पाहिला होता. ते म्हणाले, "एक घंटी मारली तं थांबाचं असते, पोरी. दोन मारल्या तं चाल. तीस वर्षं याच्या घंटीवर गाडी चालवली मी. तो चिडला नाही, थांब म्हणून राहिला."

कंडक्टरची मुलगी असून हे माझ्या लक्षात आलं नाही, याचा मला जास्त राग आला.

पेटीतून बाबांचं जुनं बायबल काढलं. बांधणी सुटलेली, पाठीला तिकिटांच्या गठ्ठ्याची दोरी. एकशे तिसरं उघडलं तर समासात पेन्सिलीने स्टॉप लिहिलेले. पाचव्या वचनाशी "बोरगाव मंजू". बाराव्याशी "मूर्तिजापूर". सोळाव्याशी "कुरुम". एकोणिसाव्याशी "बडनेरा". बाविसाव्याखाली "अमरावती. खाली उतरा."

म्हणजे ड्युटीवर पाठ करत होते. तिकिटं फाडता फाडता. लहानपणी मला वाटायचं बाबा बसमध्ये हिशेब पुटपुटतात.

मी त्या जुन्या भाषांतरातलं पहिलं वाचून म्हटलं. दोन फटके. मग त्यांनी दुसरं म्हटलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार. बसमध्ये

दिवाळीची गर्दी. बसायला जागा कुरुमच्या पुढे मिळाली. मी अमरावतीहून जाते, म्हणजे बाबांच्या स्टॉपच्या उलट दिशेने. पाठ करायचं ते परतीच्या वाटेवर. आज बोरगाव मंजूपर्यंत पाच झाली. शेजारची बाई विचारत होती, कोणतं पारायण आहे म्हणून. मी म्हटलं, परीक्षा आहे. तिने मला पेढा दिला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मूर्तिजापूरपर्यंत बारा पक्की. बाबा मी म्हटल्यावर पुढचं म्हणतात, मी त्याच्या पुढचं. एकाआड एक. आठ मिनिटं चालतं. यात संवाद काही नाही, पण त्यांच्या आवाजाची मला आठवण नव्हती. आता रोज ऐकू येतो, कपडे वाळत घालताना वगैरे.

तेरावं बसत नाही. जसा बाप आपल्या लेकरांवर, असं काहीसं आहे ते. साधं वचन आहे, मधे कुठे अवघड शब्द नाही. पण मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्याचं काम चालू आहे, गाडी हादरते, लक्ष राहत नाही. चौदावं-पंधरावं त्यामानाने बरं जातं.

चारला निघताना बिल्कीसने मला दारात थांबवलं. "मॅडम, एक बोलू? ये 'सांज झाली' मेरे सामने कभी नहीं बोलते. मी पिशवी उचलून बाजारात जाते, तवा नाही. तुमी उचलली, की बोलतात."

मी तिला आचलने सांगितलेलं समजावलं. आपोआप येणारं बोलणं. पिशवी दिसणं हा इशारा, त्यावर ठरलेले शब्द बाहेर पडतात. बिल्कीस म्हणाली, "मेरी पिशवी नहीं दिखती क्या उनको?"

योगायोग आहे. निरीक्षणं पुरेशी नाहीत.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज मंडळासोबत बसले. रुख्मिणीबाईंनी मला तिसऱ्या जागेवर बसवलं. मला माहीत आहे ती जागा कोणाची. आई, शकुन तायडे, वारली २०१४ साली ऑगस्टमध्ये. तेव्हापासून तिसऱ्याची पाळी ते सगळे मिळून म्हणतात.

लिहूनच टाकते, एवीतेवी ही वही कोणी वाचणार नाही. दफनाच्या वेळी चर्चच्या पाळकांची प्रार्थना झाली आणि बाबा पुढे आले. हातात पुस्तक नाही. कबरीत आई. आणि त्यांनी हेच स्तोत्र म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका दमात, आवाज कुठे कापला नाही. स्तुती! आई दोन महिने तडफडली होती, आणि हे उपकार मोजत होते. मला ते सहन झालं नाही. माती लोटायच्या आधीच मी सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला ती गेल्याचं काहीच नाही का हो?"

ते म्हणाले, "आधी पाठ कर. मग बोलू."

मी त्याच दिवशी रात्रीच्या बसने परत आले. ते बोलणं अजून व्हायचं आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार

कुरुमपर्यंत सोळा. तेरावं सोडून. चारला "सांज झाली, दिवस कलला." मी नुसती मान हलवली. वेळ सांगून उपयोग नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

रुख्मिणीबाईंना दमा आहे, जाताना नाक्यापर्यंत हात धरून नेलं. वाटेत त्यांनी विचारलं, "तेराव्यालेच कावून अडखळतं वं तू?" मी रस्त्याचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. रस्ता तं रस्ता."

मग नाक्यावर रिक्षाची वाट बघताना म्हणाल्या: "शकुन गेली त्या दिवशीचं तुले कोनी सांगतलं नाही वाटते. दफन पाचला होतं न. सकाळी सातपासून आमी तुमच्या मागच्या खोलीत होतो, मंडळ सगळं. किसनराव म्हणे, आज पाठ म्हणाचा. मी पहिलं म्हटलं. दुसरं त्याईचं. 'उपकार विसरू नको' तिथंच गळा दाटे. पहिल्यापासून. पुन्हा दाटे. पहिल्यापासून. मोजलं नाही म्या, पण दोनदा चहा आला अन् दोनदा थंडा झाला. तीनला एकदाचे शेवटाले पोचले. मंग तोंड धुतलं अन् बाहेर आले."

मी म्हटलं, "इतकं का करायचं? पुस्तकातून वाचलं असतं तरी चाललं असतं."

"वाचता येते न. पन डोळ्यात पानी असलं तं अक्षर दिसत नाही. त्यासाठीच तं आधी पोटात टाकून ठेवा लागते. चांगल्या दिवसाची स्तुती कोनालेही जमते, बाई. वाईट दिवशी तोंडात आपले शब्द नसतेत, तवा हे कामी येतात."

रिक्षा आली. त्यांनी चढता चढता सांगितलं की तीस तारखेला उपकारस्तुतीचा रविवार आहे, मंडळ एकशे तिसरं म्हणणार, बाबांना व्हीलचेअरवर नेऊ, आणि तिसरी जागा माझी. मी नाही म्हणायच्या आत रिक्षा निघाली.

बसमध्ये पाठ केलं नाही. बडनेऱ्यापर्यंत खिडकीतून पाहत होते. तूर चांगली वाढली आहे यंदा. मी त्या दिवशी मागच्या खोलीत गेले नव्हते, पाहुण्यांच्या चहाचं बघत होते. चहा दोनदा मीच आत पाठवला होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

काही नोंद नाही.

मला वाईट वाटतं आहे, एवढीच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. अमरावती

दहावीच्या बॅचला वर्तुळावरचं प्रमेय शिकवत होते. पोरं खाली मान घालून उतरवून घेत होती, खोलीत पंख्याचा आवाज. माझ्या तोंडून पहिलं वचन निघालं. मोठ्याने नाही, पण निघालं. समोरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हे पण लिहायचं का?"

कारण काहीच नव्हतं. पेपर बरे गेलेत पोरांचे, बाहेर ऊन कोवळं होतं, एवढंच. मी फळ्याकडे वळून बाकीचं सिद्धतेचं लिहिलं. आचलच्या भाषेत आपोआप. तरी बरं वाटलं, हे खोटं कशाला लिहू.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बावीस पूर्ण. अमरावती, खाली उतरा.

पण सरावात तेराव्याला तीनदा अडकले. तिसऱ्या जागेवर बसणाऱ्याला तिसरं, आठवं, तेरावं, अठरावं येतं, त्यामुळे सुटका नाही. जागा बदलून मागितली तर चंदाबाईंनी चक्क डोळे उघडले आणि म्हणाल्या, "ती शकुनची हाय." झालं. पहिल्यापासून, पहिल्यापासून, पहिल्यापासून. नत्थुजी म्हणाले, "गाडी मूर्तिजापुरातच बंद पडून राहिली राजा. धक्का मारा कोनी."

सगळे हसले. बाबाही हसले, तोंडाच्या डाव्या अर्ध्या बाजूने. हसणं आहे हे मला समजायला वेळ लागला.

आचलने शनिवारी तपासलं. स्वतःहून बोलण्यात प्रगती नाही. कपाचं चित्र दाखवलं, काही नाही. माझा फोटो दाखवला, काही नाही. बाबांनी फोटोकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं, पण शब्द नाही. "मॅडम, आता मनाची तयारी ठेवा," ती म्हणाली. चांगली मुलगी आहे, तिचेच डोळे भरले. मी तिला चहा करून दिला.

चारला पिशवी उचलली. "सांज झाली. दिवस कलला." एक फटका.

३० नोव्हेंबर, रविवार. रात्री, अमरावती

आदल्या दिवशीच अकोल्याला गेले, रात्री राहिले. अकरा वर्षांनी त्या घरात झोपले.

उपकारस्तुती म्हणजे लोक शेतातलं, घरातलं पहिलं काही घेऊन येतात आणि वेदीपुढे ठेवतात. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. कापसाची गाठोडी, तुरीच्या शेंगा, दोन भोपळे, एक पाय बांधलेला कोंबडा जो प्रार्थनेत मधूनमधून बोलत होता. पाळकांनी मला दारात आमच्याकडचा नेहमीचा "सलाम" केला, जणू मी गेल्या रविवारीही आले होते. बिल्कीस आणि कुर्बान व्हीलचेअर घेऊन आले आणि मागच्या बाकावर बसले. बिल्कीसने बाबांना इस्त्रीचा सदरा घातला होता.

आम्ही पाच जण पुढे. रुख्मिणीबाई, बाबा, मी, नत्थुजी, चंदाबाई. नत्थुजी एकदा मधेच सुरू झाले, बाबांनी चाकावर एक फटका मारला, ते थांबले. तिसरं गेलं. आठवं गेलं. बारावं बाबांचं, पूर्वेपासून पश्चिम जितकी लांब तितके आमचे अपराध लांब. ते त्यांनी म्हटलं, सावकाश, शेवटचा शब्द जरा घसरला.

मग माझं. काही नाही. तोंड उघडं आणि आत काही नाही.

रुख्मिणीबाई म्हणाल्या, "पहिल्यापासून." चर्चभर लोक. आम्ही पुन्हा सुरू केलं. पुन्हा बाबांचं बारावं. पुन्हा मी. या खेपेला शब्द समोर दिसत होते, समासातल्या पेन्सिलीसकट, पण तोंडून निघत नव्हते. रस्त्याचा काही संबंध नव्हता, हे मला तेव्हा कळलं. दीडशे माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला फक्त मागची खोली दिसत होती आणि दोन थंड झालेले चहा.

रुख्मिणीबाईंनी "पहि" म्हटलं असेल, तेवढ्यात चाकावर फटका पडला. एकच. सगळे थांबले.

बाबा माझ्याकडे वळले. मान वळवायला त्यांना त्रास होतो, तरी वळले. आणि म्हणाले, "बाप जसा."

आणि थांबले. माझ्याकडे बघत. दोन महिने मी त्यांच्यासमोर जशी बसत होते, अर्धं म्हणून उरलेल्याची वाट बघत, तसेच.

नियमाच्या विरुद्ध होतं ते. अडलेल्याला सांगायचं नाही, हा त्यांचाच चाळीस वर्षांचा नियम.

मी पुढचं म्हटलं. लेकरांवर, आणि त्यापुढचं सगळं. आवाज कापत होता, कापू दिला. बाबांनी चाकावर दोनदा मारलं. नत्थुजींनी चौदावं घेतलं, बरोबर वेळेवर, आणि गाडी बाविसाव्यापर्यंत कुठेही थांबली नाही.

बाहेर आल्यावर आचलला फोन केला आणि सांगितलं, की समोर कोणी काही म्हटलं नसताना त्यांनी वचन सुरू केलं. तिने दोनदा तेच पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाली, "हे बोलणं आहे, मॅडम."

भोपळा बिल्कीसने बोली लावून घेतला. मी चारला निघाले. बाबा खुर्चीतच झोपले होते, त्यामुळे काही म्हणाले नाहीत. बसमध्ये मला ते चुकल्यासारखं वाटत राहिलं.

३ डिसेंबर, बुधवार. अकोला

सकाळी मंडळाने पुढचा पाठ ठरवला. स्तोत्रं पुरे झाली, आता शुभवर्तमानातलं, येशूच्या चरित्रातलं काही घेऊ म्हणाले. लूक, अध्याय चोवीस: दोघं जण रस्त्याने गावाला चाललेत, तिसरा वाटसरू त्यांना येऊन मिळतो, आणि तो येशूच आहे हे त्यांना ओळखू येत नाही. नत्थुजींना रस्त्याची गोष्ट म्हणून आवडते. मला तेरा ते पस्तीस दिलं.

दुपारी बाबांना जेवू घातलं आणि त्यांच्याजवळ बसूनच त्यांच्या बायबलात वाचायला घेतलं. इथे समासात स्टॉप नव्हते. ते दोघं गावाशी पोचतात. वाटसरू आपल्याला पुढे जायचं आहे असं दाखवतो. ते त्याला आग्रह करतात, आमच्याजवळ राहा. आणि कारण सांगतात: सांज झाली, दिवस कलला.

त्या ओळीशी पेन्सिलीने लिहिलेलं होतं, बाबांच्या कंडक्टरी अक्षरात, "शकुन रोज म्हणते. ड्युटीवर निघताना."

मला आठवलं. दारात आई, बाबांच्या खांद्याला तिकिटांची पेटी. सकाळची सहाची गाडी असली तरी ती तेच म्हणायची आणि बाबा हसायचे. मला वाटायचं आईला वेळेतलं काही कळत नाही.

मी हजेरीपट उलटा चाळला. आठ ऑक्टोबर. अकरा. एक नोव्हेंबर. एकोणीस. प्रत्येक ठिकाणी माझ्या अक्षरात, वेळेचं भान नाही, घड्याळ दाखवलं, उपयोग नाही. मी एक वाक्य मागत होते आणि तेच मी पहिल्या बुधवारपासून उतरवून घेत होते.

बिल्कीस चहा घेऊन आली, मला पाहिलं, चहा ठेवला आणि परत गेली.

चार वाजले. मुद्दाम नाही, सवयीने उठले आणि पिशवी उचलली.

"सांज झाली," बाबा म्हणाले. "दिवस कलला." आणि दांडीवर एकदा हात मारला.

मी पिशवी खाली ठेवली. सातच्या बॅचच्या पोरांना आज क्लास नाही म्हणून कळवलं. खुर्ची पलंगाशी ओढून बसले आणि म्हटलं, "हो बाबा. सांज झाली."

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. बाहेर लख्ख ऊन होतं.